लायब्ररी अपडेट लगेच मारता की मुरू देता?

ऐरोलीकर_रात्रपाळी:
ऑफिसात नवा नियम निघालाय: ओपन सोर्स लायब्ररीची (आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरतो त्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या खुल्या कोडची) नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी चढवायची. शुक्रवारी संध्याकाळी सहाला चढवली, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार होणं) झोपला. ऐरोलीहून ठाण्याला पोचलो तेव्हा घरी पोळ्या झाकलेल्या, वर चिठ्ठी: "झालं का अपडेट?" तुम्ही काय करता?

घोडबंदरचा_म्हातारा:
शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्याला मी पोळ्याही ठेवल्या नसत्या. लोणचं आणि लायब्ररी, दोन्ही मुरू द्यावं. २०२४ चं एक्सझेड आठवा, लिनक्सवर फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये एकाने चोरदरवाजा (बॅकडोअर) बसवला होता, तेही दोनेक वर्षं गुणी मुलासारखं काम करून विश्वास कमावल्यावर! पकडलं पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या आंद्रेस फ्रॉइंडने, कारण एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. आमच्याकडे पेज उघडायला नऊ सेकंद लागतात, कुणी मान वर करत नाही. डेबियन स्टेबलवाले (लिनक्सची मुरलेली आवृत्ती वापरणारे) मात्र निवांत घोरत होते.

वाशी_टर्मिनल:
आजोबा, डिसेंबर २०२१ चं लॉगफोरजे (नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक) विसरलात? दहापैकी दहा गंभीर. तेव्हा मुरवणाऱ्यांचीच बरणी फुटली.

घोडबंदरचा_म्हातारा:
तो सुरक्षेचा पॅच रे, तो झोपेतून उठून लावायचा. बाकीच्यांना आठवडाभर थांबव, लॉकफाइल (लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या पक्क्या करणारी फाइल) कमिट कर. फरक कळायला चेंजलॉग (नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी) वाचावा लागतो. लोकलमध्ये रील्स कमी बघ.

ऐरोलीकर_रात्रपाळी:
मॅनेजर म्हणतो, चेंजलॉग एआय वाचेल. या शुक्रवारीही पोळ्या झाकायला सांगतो.