आयबी डिप्लोमा: गणित एचएलवरून एसएलवर आणावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलगी आयबी डिप्लोमाच्या (अकरावी-बारावीच्या पातळीचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पहिल्या वर्षात आहे, चार महिने झालेत. एचएलला (हायर लेव्हल, वरची पातळी) फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित एए (अॅनालिसिस अँड अप्रोचेस). एसएलला (स्टँडर्ड लेव्हल, साधी पातळी) इंग्रजी, स्पॅनिश आणि इकॉनॉमिक्स.

अडचण गणिताची. बाकी विषयांत सातपैकी ५-६ येतात, गणितात सलग दोन चाचण्यांत ३. शिकवणी लावून अडीच महिने झाले, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या. कळतं सगळं, पण वेळेत होत नाही. रोजचे दोन तास त्यातच जातात आणि ४००० शब्दांच्या एक्सटेंडेड एसेचा (स्वतः संशोधन करून लिहायचा निबंध) विषयही अजून ठरलेला नाही. (सीएएस, म्हणजे कला, खेळ आणि समाजसेवेचे उपक्रम, मात्र मजेत चाललंय, तेवढंच सुख!)

गणित एसएल केलं तर तीन एचएल हवेतच, म्हणून इकॉनॉमिक्स एचएलला न्यावं लागेल. एका विषयाला एसएलचे शिकवण्याचे १५० तास, एचएलचे २४०. म्हणजे मागचं भरून काढणं आलंच. समन्वयक म्हणतात, या सत्राअखेरपर्यंत बदल चालेल, नंतर नाही. गणित एआय (अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, आयबीचा गणिताचा दुसरा कोर्स) एचएल शाळेत नाही, आणि डिप्लोमा सोडून फक्त सुटे कोर्स करायची तिची तयारी नाही.

पुढे इंजिनिअरिंग की अर्थशास्त्र, हे नक्की नाही. खरा पेच तिथेच आहे, कारण बऱ्याच ठिकाणी इंजिनिअरिंगला गणित एचएल मागतात.

असा बदल कुणी मध्येच केलाय का? इकॉनॉमिक्सचा राहिलेला भाग भरायला किती आठवडे लागले? आणि गणित एए एसएल व फिजिक्स एचएल घेऊन इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेलं कुणी आहे का, कुठल्या देशात?