सुटलेली सवय पुन्हा लावताना

ऑटिझम (स्वमग्नता) असलेला ६ वर्षांचा मुलगा वर्षभर स्वतः शूला जात होता, मे महिन्याची सुट्टी संपली आणि पुन्हा चड्डी ओली होऊ लागली. मग सवय लावायला केलेली थेरपी वाया गेली का, असं एका पालकांनी विचारलंय. नाही हो, वाया गेलेली नाही.

आधी पोट बघा. बद्धकोष्ठ असेल तर साठलेला मल मूत्राशयावर दाबतो आणि शू धरवत नाही. पातळ शी होत असली तरी आत खडा असू शकतो, कडेने पातळ झिरपतं. लघवीचीही तपासणी करून घ्या, कारण ऑटिझम असलेलं मूल ‘दुखतंय’ असं सांगेलच असं नाही.

मग ८-१० दिवस वहीत लिहा: चड्डी ओली झाल्याची वेळ, आधी काय चाललं होतं, नंतर घरच्यांनी काय केलं. एक्झॉस्ट फॅनचा आवाज, शाळेतली बदललेली मावशी, असं काहीतरी बऱ्याचदा त्यातूनच सापडतं.

शिकवताना दोन पायऱ्या मागे या. जेवणानंतर २० मिनिटांनी कमोडवर बसवा, पायाखाली पाट, ३-४ मिनिटंच. झाली की बक्षीस तिथल्या तिथे. नाही झाली तर काही न बोलता उठवा. ‘शू आली का?’ विचारू नका, ‘नाही’ हे ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी कमोडचं चित्र दाखवा.

मात्र येत असलेले शब्द गळायला लागले, किंवा मूल मध्येच टक लावून थिजत असेल, तर वाट बघत थांबू नका. ती फीट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढून मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, ईईजीबद्दल (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) विचारा.