सापांच्या खाद्यासाठी घरी माऊस वाढवावेत की रॅट? (मदत हवी आहे)

नमस्कार. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे आमच्याकडे चार वर्षांपासून तीन साप आहेत: १,८०० ग्रॅमची बॉल पायथन (आफ्रिकेतील छोट्या अजगराची जात) मादी, त्याच जातीचा ४०० ग्रॅमचा तरुण नर आणि ५०० ग्रॅमचा कॉर्न स्नेक (अमेरिकेतील बिनविषारी साप). आजवर त्यांना बहुतेक वेळा दुकानातील गोठवलेले उंदीर दिले. परंतु अलीकडे हव्या त्या आकाराचे उंदीर वेळेवर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी पाकीट उघडल्यावर निम्मे वाळून चिपाड झालेले निघतात. म्हणून खाद्य घरीच वाढवण्याचे ठरवले आहे, पण प्राणी कोणता निवडावा यावर गाडी अडली आहे. (भारतातील वाचकांसाठी खुलासा: तेथे देशी साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आमचे तिन्ही साप विदेशी जातींचे असून येथेच पैदास झालेले आहेत.)

आपल्याकडे लहानमोठ्या सगळ्यांना 'उंदीर' हा एकच शब्द पुरतो, आणि त्याहून मोठी दिसली की ती घूस. येथे मात्र फरक महत्त्वाचा असल्याने २५-३० ग्रॅमच्या छोट्या जातीला मी माऊस म्हणतो आणि पाव ते अर्धा किलोपर्यंत वाढणाऱ्या जातीला रॅट.

गरज मोजली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली. मादीला दर पंधरवड्याला सुमारे ९० ग्रॅम, नराला दर दहा दिवसांनी ४० ग्रॅम आणि कॉर्न स्नेकला तितक्याच अंतराने ३० ग्रॅमचे भक्ष्य लागते, म्हणजे महिन्याकाठी जेमतेम आठ रॅट. रॅटच्या एका वेतात ८ ते १२ पिल्ले होतात, गाभणकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो आणि पिल्ले तीन आठवड्यांत अंगावरून तुटतात. शिवाय दोन आठवड्यांचे पिल्लू कॉर्न स्नेकला, तीन आठवड्यांचे नराला आणि पाच आठवड्यांच्या आसपासचे मादीला पुरते. एकाच जातीत तिघांची सोय होते. हिशेब असा सरळ रॅटच्या बाजूने आहे.

अडचण मादीची आहे. आधीच्या मालकाने तिला केवळ माऊसवर वाढवले, त्यामुळे ती रॅटला भक्ष्य मानतच नाही. कोमट केलेला रॅट चिमट्याने पुढे धरला की ती जवळ येते, दोनतीनदा जीभ बाहेर काढते, आणि मग नाक बाजूला वळवून लपणीत निघून जाते. तिच्यासाठी माऊस ठेवावेत, तर एका वेळी तीन लागतात, आणि माऊसच्या नराच्या मुताचा उग्र वास पेटी घासून धुतली तरी दुसऱ्या दिवशी परत येतो. मागे एकदा महिनाभर दोन जोड्या ठेवल्या होत्या. घरच्यांनी तो महिना अद्याप माफ केलेला नाही.

टेक्सासमधील एका स्नेह्याने आफ्रिकन सॉफ्ट-फर रॅट सुचवला. बॉल पायथनच्या मूळ प्रदेशातील हे भक्ष्य असल्याने हट्टी साप तो आनंदाने घेतात, असे तो सांगतो. परंतु कॅलिफोर्नियात तो पाळता येत नाही आणि जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावरही बंदी आहे. हॅमस्टरच्या माद्या एकत्र ठेवल्या की भांडतात, तर गिनी पिगचा गाभणकाळ दोन महिन्यांहून अधिक असतो, त्यामुळे ते दोन्ही पर्याय मी सोडून दिले.

जिवंत भक्ष्य मला द्यायचे नाही. एकदा नराला जिवंत रॅट दिला असता त्याने सापाच्या पाठीवरचे दोन खवले उचकटले होते. मारण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरावा असे वाचले, पण नवजात पिल्ले या वायूला दीर्घकाळ दाद देत नाहीत, हे वाचून मन धजावत नाही. पेट्या गॅरेजमध्ये ठेवण्याचा विचार आहे. उन्हाळ्यात तेथे ३५ अंशांच्या वर तापते. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपण निःशंकपणे रॅटच निवडावेत. एक नर आणि दोन माद्या पुरेत. मात्र नर कायम सोबत ठेवू नये, कारण व्यायल्यानंतर मादी एका दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते आणि मग आपला महिन्याला आठचा हिशेब बघता बघता वीसच्या पुढे जातो. माद्यांना आळीपाळीने विश्रांती द्यावी. गॅरेजचा विचार सोडावा; तिशीच्या पुढे रॅट हैराण होतात आणि नराची प्रजननक्षमताही घटते. पाइन किंवा सीडरचा भुसा टाळून अ‍ॅस्पेन या झाडाच्या लाकडाचा वापरावा व तो वारंवार बदलावा, कारण मुतातील अमोनियाने रॅटच्या फुप्फुसांचे जुने दुखणे बळावते.

नवजात पिल्लांची चिंता आपल्याला नाहीच, कारण आपल्या सर्वांत लहान भक्ष्याचे वजन ३० ग्रॅम आहे. तेवढे वाढलेले पिल्लू वायूला प्रतिसाद देते. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वायू सोडावा, म्हणजे २० लिटरच्या पेटीत ६ ते १४ लिटर. त्यासाठी प्रवाहमापक लावलेले सिलिंडर घ्यावे, सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरू नये.

मादीसाठी वितळवलेला रॅट धुऊन कोरडा करावा, माऊसच्या वापरलेल्या भुशात घोळवावा आणि ४० अंशांच्या आसपास कोमट करून द्यावा. तिने नकार दिला तर लगेच माऊस देऊ नये. पुढच्या ठरलेल्या दिवशी पुन्हा रॅटच द्यावा. या वजनाची निरोगी मादी काही आठवडे उपाशी राहिली तरी बिघडत नाही, मात्र दर आठवड्याला वजन नोंदवावे.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. पेट्या आता कपडे धुण्याच्या खोलीत ठेवू. आज मादीचे वजन केले, ते १,७९० ग्रॅम भरले. फक्त एक शंका उरते: त्या वापरलेल्या भुशासाठी घरात एक तरी माऊस ठेवावाच लागेल का? माऊसची मादी ठेवली तर तिचा वास पुरेल का, हे कळले तर घरी विषय काढता येईल.