सोसायटी ग्रुप (सर्व विंग): शिंदेंची पाणबुडी आणि पंपरूमचं झाकण

साठे काका (बी-५०२): शिंदे, शिकागोचे तुमचे ४३ फोटो पाहिले. छान आहेत, वहिनींचा टॉर्पेडोशेजारचा तर फारच छान. पण खाली जे लिहिलंय 'ह्याच पाणबुडीतून अमेरिकेने एनिग्मा फोडलं आणि महायुद्ध जिंकलं' ते साफ चूक आहे (एनिग्मा म्हणजे जर्मनांचं गुप्त संदेशांचं मशीन). काल रात्रीच लिहिणार होतो, म्हटलं झोपून बघू राग जातो का. नाही गेला.

शिंदे (ए-३०१): काका नमस्कार 🙏 अहो ते वाक्य माझं नाही, एका ग्रुपवर आलेलं तेच चिकटवलं. मुलाने आग्रहाने नेलं, बोट बघून डोळे दिपले म्हणून टाकलं.

पाटील मॅडम (सी-१०४): पंपरूममध्ये पुन्हा पाणी. स्ट्रेनरचं झाकण कोणी उघडं ठेवलंय? कृपया उत्तर द्यावे.

साठे काका: बोट नाही, यू-५०५. जर्मन, टाइप नाइन-सी, ७६ मीटर लांब. ४ जून १९४४ ला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर अमेरिकन नेव्हीने जिवंत धरली. १८१५ नंतर पहिल्यांदाच त्यांनी समुद्रात शत्रूची युद्धनौका पकडली, ते कौतुक मान्य. पण ब्रिटिशांनी यू-११० ह्या दुसऱ्या जर्मन पाणबुडीतून मशीन आणि कोडची पुस्तकं काढली ९ मे १९४१ ला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीसुद्धा नव्हती. आणि त्याच्याही आधी १९३२ मध्ये पोलंडच्या गणितवाल्यांनी एनिग्मा फोडलेलं. त्यांचं नाव कुणी घेत नाही.

ओंकार (बी-२०१): काका रविवारी सकाळी ८ ला एवढं टायपिंग 😂

कदम सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. फोटो आणि फॉरवर्ड टाकू नयेत. मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय.

जोशी काकू (ए-६०४): मागच्या मीटिंगमध्ये बरंच काही ठरलं होतं कदम, लिफ्टचा पंखासुद्धा.

डिसोझा अंकल (बी-४०३): पाणबुडी बघायला शिकागो कशाला? विशाखापट्टणमला बीचवर आपली कुरसुरा उभी आहे, २००२ पासून म्युझियम. आतून चालत जाता येतं. आम्ही दोनदा गेलो.

शिंदे: अंकल सगळ्यांची मुलं विशाखापट्टणमला नसतात 🙂

साठे काका: मूळ मुद्दा राहतोय. एनिग्मा यू-५०५ मुळे फुटलं नाही. तिच्यात २ मशीन आणि जवळपास ९०० पौंड कागद मिळाले, म्हणजे चारशे किलो, त्यात चालू किल्ल्या, म्हणजे मशीनची तेव्हाची सेटिंग, होत्या त्यामुळे रोजचं काम सोपं झालं. फोडणं वेगळं, सोपं होणं वेगळं.

पाटील मॅडम: पंपरूममध्ये पुन्हा पाणी. स्ट्रेनरचं झाकण कोणी उघडं ठेवलंय? कृपया उत्तर द्यावे. सी विंगच्या तीन गाड्या खाली आहेत.

ओंकार: मॅडमने कॉपी पेस्ट केलं

पाटील मॅडम: हो केलं. कारण पहिल्याला उत्तर आलं नाही.

साठे काका: पाटील मॅडम, तुम्ही झाकण म्हणालात म्हणून सांगतो, यू-५०५ झाकणावरच वाचली. डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने, तिचं सुकाणू उजवीकडे अडकलं, कॅप्टन लांगेने वर आणून सोडून द्यायला सांगितली, माणसं उड्या मारून गेली आणि जाताना एकाने स्ट्रेनरचं, म्हणजे पाणी गाळायच्या जाळीचं, झाकण काढून टाकलं, बुडावी म्हणून. पाणी लोटाने आत. बोट रिकामी, मोटर चालू, आणि आपली गोल गोल फिरतेय. पिल्सबरी नावाच्या अमेरिकन जहाजाची छोटी होडी तिच्यामागे धावली. डेव्हिड नावाचा लेफ्टनंट आणि दोघं जण पहिले उतरले, आत बॉम्ब लावलेत की माणसं दबा धरून बसलीत काही माहिती नाही. मागून आलेल्या लुकोशियस नावाच्या इंजिनवाल्याला ते झाकण तिथंच जमिनीवर सापडलं. त्याने उचलून बसवलं आणि नट आवळले. बस्स. नाहीतर आज शिंदे वहिनींचा फोटो नसता.

शिंदे सौ.: 😄 काका

जोशी काकू: बघा, तिकडे दुश्मनाच्या बोटीत झाकण सापडतं, आपल्याकडे आपल्याच पंपरूममध्ये सापडत नाही.

कदम सेक्रेटरी: काकू, वॉचमनला सांगितलंय, तो बघतोय. प्लंबर रविवारी येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. कमिटी फुकट काम करते हेही माहीत असावं.

डिसोझा अंकल: पिल्सबरीचं पण सांगा ना साठे. ती मदतीला बाजूला लावायला गेली आणि पाणबुडीच्याच पंखाने स्वतःला भोक पाडून घेतलं. कदमांची गाडी आणि आमचा गेटचा खांब आठवला.

कदम सेक्रेटरी: अंकल तो विषय मिटलाय. पैसे भरलेत.

ओंकार: काका ओढून कशी नेली मग? इंजिन तर कुणाला चालवता येत नसणार

साठे काका: शाब्बास, प्रश्न असा विचारावा. ग्वाडलकॅनल ह्या विमानवाहू जहाजाने दोर लावून ओढली. चीफ इंजिनियर ट्रोसिनो, त्याने आयुष्यात कधी पाणबुडीत पाय ठेवला नव्हता, तो बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाला, लोळून पाइप शोधत बसला कुठला कुठे जातो ते. मग त्याने डिझेल इंजिन सुटं केलं आणि ग्वाडलकॅनलला म्हणाला जोरात ओढा. पाण्यामुळे पंखे फिरले, पंख्यांनी मोटरी फिरल्या, मोटरींचा झाला डायनॅमो, बॅटरी चार्ज, बॅटरीवर तिचेच पंप चालवून आतलं पाणी बाहेर! मी ३१ वर्षं इंजिन रूममध्ये काढली, आजही वाचताना अंगावर काटा येतो. १९ जूनला बर्म्युडाला पोचली.

जोशी काकू: पण साठे, ती अपशकुनी होती म्हणतात ना? ह्यांनी कुठंतरी वाचलेलं.

साठे काका: तिच्या माणसांचाच समज होता तसा, १९४२ मध्ये कोलंबियाचं एक शिडाचं जहाज बुडवलं तेव्हापासून. नोव्हेंबरात त्रिनिदादजवळ एका विमानाने इतक्या खालून बॉम्ब टाकला की त्या स्फोटात विमान गेलं, आतली सगळी माणसं गेली, बोट मात्र लंगडत घरी गेली. मग फ्रान्समधल्या लोरियां बंदरात दुरुस्ती, आणि फ्रेंच कामगार मुद्दाम कच्चं काम करायचे, निघाली की परत, निघाली की परत. पुढे १९४३ च्या ऑक्टोबरात डेप्थ चार्ज पडत असताना तिचा तेव्हाचा कॅप्टन त्शेख ह्याने कंट्रोल रूममध्ये स्वतःला गोळी घातली. शकुन बिकुन मला माहीत नाही, पण त्या पोरांनी काय भोगलं असेल.

सुहास (सी-३०२): कच्चं काम म्हणजे आपल्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग. इथले फ्रेंच कामगार कोणी आणले होते?

कदम सेक्रेटरी: सुहास, तीन कोटेशन घेतली होती. फाइल ऑफिसमध्ये आहे. कधीही या.

सुहास: ऑफिस उघडं असेल तेव्हा येतो.

पाटील मॅडम: पंपरूममध्ये पुन्हा पाणी. स्ट्रेनरचं झाकण कोणी उघडं ठेवलंय? कृपया उत्तर द्यावे.

शिंदे: काका मला एक सांगा, तिथं वाचलं की हे सगळं गुप्त ठेवलं. खरं का?

साठे काका: हे मात्र बरोबर वाचलंत. नॉर्मंडीचं लँडिंग, म्हणजे दोस्त फौजांचं फ्रान्समध्ये उतरणं, दोन दिवसांवर. जर्मनांना पत्ता लागला असता तर एका रात्रीत कोड बदलले असते. अमेरिकन नेव्हीचा प्रमुख एडमिरल किंग म्हणे खूष होण्याऐवजी भडकला, ग्वाडलकॅनलचा कॅप्टन गॅलरी ह्याला कोर्ट मार्शल करायला निघालेला. जवळजवळ ३००० खलाशांनी तोंड बंद ठेवलं युद्ध संपेपर्यंत. बोटीचं नावसुद्धा बदलून नेमो केलं.

जोशी काकू: ३००० माणसं गप्प!! आपल्या कमिटीत ९ जण, आणि मीटिंग संपायच्या आत ए विंगला माहीत असतं कोण काय बोललं.

कदम सेक्रेटरी: काकू नाव घेऊन बोला.

जोशी काकू: मी कुठं कोणाचं नाव घेतलं? 🙏

डिसोझा अंकल: आणि कैदी? ५९ पैकी ५८ वाचले, एक मेला. त्यांना लुइझियानातल्या कॅम्पमध्ये वेगळं ठेवलं, रेड क्रॉसला भेटू दिलं नाही, घरी पत्र नाही. जर्मनीत घरच्यांना कळवलं की मेले. १९४७ पर्यंत परत पाठवले नाहीत. हे पण लिहा, सगळं शौर्य शौर्य नको.

साठे काका: डिसोझा, लिहिणारच होतो. तुमची घाई.

शिंदे सौ.: बाई गं. आई तेरावं घालून बसलेली आणि मुलगा दारात उभा. आम्हाला तिथं आत फिरताना एवढं काही जाणवलंच नाही हो, बंक किती लहान एवढंच बघत होतो.

ओंकार: मग शिकागोत आली कशी, समुद्र तर नाही तिथं

शिंदे: हे मी सांगतो! गॅलरी शिकागोचाच. नेव्ही तिला नेमबाजीत बुडवणार होती, त्याच्या पाद्री भावाने म्युझियमला विचारलं. शहराने वर्गणी काढली, सरोवरातून ओढत आणली आणि १९५४ मध्ये रात्री लेक शोर ड्राइव्ह बंद करून रस्ता ओलांडून नेली. आता जमिनीखाली हॉल केलाय २००५ पासून. जर्मन कंपन्यांनी हरवलेले पार्ट फुकट दिले म्हणे, आपलं काम नीट दिसावं म्हणून.

साठे काका: बरोबर. हे तुम्ही फोटोखाली लिहिलं असतंत तर मी सकाळी चहा पिऊ शकलो असतो.

शिंदे: काका तुम्हाला ना दुसऱ्याचं काही चांगलं झालेलं... जाऊ दे. इथं रात्रीचे साडेदहा झाले. शुभ रात्री.

साठे काका: शिंदे, तसं नाही हो. डेव्हिडला अमेरिकेचं सगळ्यात मोठं पदक मिळालं, पण पदक हातात पडायच्या आधी १९४५ च्या सप्टेंबरात तो गेला, बायकोने घेतलं. आणि १९४२ मध्ये यू-५५९ ही जर्मन पाणबुडी बुडत असताना ब्रिटिश नेव्हीचे फॅसन आणि ग्रेझियर कोडबुकं वर देत राहिले आणि तिच्याबरोबर खाली गेले. पुस्तकं हातात घेणारा टॉमी ब्राउन कँटीनचं पोरगं, १६ वर्षांचं, वय खोटं सांगून आलेलं. एका फॉरवर्डच्या ओळीत ह्यांना पुसून टाकतात त्याचा राग येतो, तुमचा नाही.

शिंदे: ओके काका. कॅप्शन डिलीट केलं. फोटो ठेवू का?

साठे काका: ठेवा. टॉर्पेडोचे अजून असले तर मला वेगळे पाठवा, मागचा पंखा दिसेल असे.

पाटील मॅडम: पंपरूममध्ये पुन्हा पाणी. स्ट्रेनरचं

साठे काका: मॅडम थांबा, उतरतोय मी. ओंकार, टॉर्च आणि जुने चप्पल घालून ये. कदम, मेन स्विच बंद करा आधी.

कदम सेक्रेटरी: बंद केला. मीही येतो.

ओंकार: सापडलं!! मोटरच्या मागे पालथं पडलेलं. काकांनी बसवलं, नट मी आवळले

जोशी काकू: 👏👏 लुकोशियस

पाटील मॅडम: धन्यवाद. पण ते काढलं कोणी होतं?