दादाच्या वर्षश्राद्धाला ब्लूज लावायचे आहे, कुणाकुणाचे लावू?

कृष्णाकाठची (सांगली)

माझा थोरला भाऊ सोळा वर्षे मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता. ह्यूस्टनला, न्यू ऑर्लिन्सला जहाज लागले की बाकीचे लोक कपडे, अत्तरे घ्यायचे आणि दादा कॅसेट घ्यायचा. विश्रामबागच्या घरात आज १३८ कॅसेट आहेत, सगळ्या ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या. सोबत एक लांब वही आहे. तिच्यात त्याने या गायकांच्या पुण्यतिथ्या मांडल्यात: नाव, गाव, कधी गेला, कुठे पुरला, थडग्यावर दगड आहे का. त्या त्या दिवशी देवापाशी दिवा लागला की तो त्या माणसाच्या कॅसेटची एक बाजू पुरी लावायचा. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचे नाही. १६ ऑगस्टला रॉबर्ट जॉन्सन हे आम्हा सगळ्यांना दत्तजयंतीसारखे पाठ होते.

तो गेल्यावर मी ती वही पहिल्यांदा नीट वाचली. दगडाचा रकाना वाचवत नाही. ब्लाइंड लेमन जेफरसन १९२९ च्या डिसेंबरात शिकागोच्या थंडीत गेला आणि टेक्सासमध्ये वॉर्थमला पुरला गेला. माझे थडगे तेवढे स्वच्छ ठेवा, असे विनवणारे गाणे गायलेला माणूस, आणि त्याच्याच जागेवर १९६७ पर्यंत नावाची खूण नव्हती. बेसी स्मिथ १९३७ मध्ये गेली, दगड बसला १९७० मध्ये. रॉबर्ट जॉन्सन सत्ताविसाव्या वर्षी गेला, मागे २९ गाणी. नेमका कुठे पुरला यावर एकमत नाही, म्हणून मिसिसिपीतल्या ग्रीनवूडच्या आसपास तीन ठिकाणी त्याचे दगड आहेत. तिथे दादाने लिहिलेय, 'तिन्हीकडे जायचे.' जमले नाही त्याला.

वहिनी म्हणतात, वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी भजनी मंडळ बोलवायला नको, त्याचीच गाणी लावू. तीसेक माणसे येतील. तासगावचे मामा ८२ वर्षांचे आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही. मलाही त्या गाण्यांतले अर्धेच शब्द कळतात. चार-पाचच लावायची आहेत. कुणाची लावू? आणि ही माणसे कोण होती हे आधी कसे सांगू?

तंबोरा_मिरज

ताई, ब्लाइंड विली जॉन्सनपासून सुरुवात करा. १९२७ मध्ये डॅलसला ध्वनिमुद्रित झालेले त्याचे एक गाणे आहे, त्यात शब्दच नाहीत. नुसते हुंकार आणि गिटारवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे. मामांना कुठेच अडणार नाही. तो देवाचीच गाणी गायचा, त्यामुळे काही लोक त्याला ब्लूजवाला म्हणत नाहीत, पण हात ब्लूजचाच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हे गाणे आहे आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. दोन्ही एकापाठोपाठ लावा. त्याचे घर जळाले, त्या जळक्या घरातच ओल्या अंथरुणावर झोपला आणि १९४५ मध्ये तापाने गेला, हे मात्र गाणे झाल्यावर सांगा. आधी सांगितले तर लोक गाणे सोडून त्याची कीव ऐकत बसतील.

आमच्या घरात तंबोऱ्यांची जवारी काढायचे, म्हणजे तारा नीट गुंजाव्यात म्हणून घोडी घासायचे, काम चालते, त्यामुळे माझा कान आधी स्वराकडे जातो. ब्लूजचा गंधार (ग) धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. पेटीवर शोधाल तर दोन पट्ट्यांच्या मध्ये राहतो. गळ्यात नाहीतर तारेवरच मिळतो.

अजून एक. बेसीबाई २६ सप्टेंबर १९३७ ला गेल्या. महिनाभराने, २७ ऑक्टोबरला, आपले गवई अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर गेले. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. उरुसात गवई अजून तिथे येऊन गातात. त्याला आम्ही हजेरी म्हणतो. तुमचे दादा घरात बसून हजेरीच देत होते.

वाळव्याचा

मिसिसिपी जॉन हर्ट लावा, मामांसाठी. एकदम मऊ आवाज, बोटांनी वाजवलेली गिटार, शेजारी बसून बोलल्यासारखे. १९२८ ला गाणी ध्वनिमुद्रित केली, ती खपली नाहीत, गडी परत शेतात. एका गाण्यात त्याने आपल्या गावाचे नाव, ॲव्हलॉन, घेतले होते. ३५ वर्षांनी एकाने नकाशात ते गाव शोधले आणि गेला, तर हा तिथेच. मग तीन वर्षे हजारो लोकांपुढे गायला आणि १९६६ ला गेला. आमच्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांची शेवटची वर्षे हलाखीत गेली, त्यांना असे शोधत कुणी आले नाही. तेही विली जॉन्सनसारखे १९४५ लाच गेले. म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते.

जुनी_पाने

बेसी स्मिथविषयी दादांनी वहीत काय लिहिलेय? गोऱ्यांच्या दवाखान्याने घेतले नाही म्हणून ती गेली, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. तसे झाले नव्हते. मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ हायवे ६१ वर पहाटे तिची गाडी ट्रकवर आदळली. वाटेने जाणारा एक डॉक्टर थांबला, त्याने रस्त्यावरच उपचार केले. ॲम्ब्युलन्सने तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्या लोकांच्या दवाखान्यात नेले. तिचा हात कापावा लागला, त्याच दिवशी ती गेली. त्या डॉक्टरनेच पुढे सांगितले, की काळ्या माणसाला गोऱ्यांच्या दवाखान्यात न्यावे हे तिथल्या ड्रायव्हरच्या मनातही आले नसते. मला तर हे त्या अफवेपेक्षा भयंकर वाटते. नकार द्यायचीही वेळ कुणावर येत नव्हती. दगडाचे पैसे गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि ज्वानिटा ग्रीनने दिले. ही ग्रीन लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसायला जायची. संध्याकाळी तिचे नाव जरूर घ्या.

टेपवाला_माधवनगर

कॅसेट एकदम लावू नका. आधी प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, वर्षभर पडून फीत चिकटते. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. फितीमागची छोटी गादी निखळली असेल तर आवाज दबतो. दुसऱ्या एखाद्या कॅसेटची काढून बसवता येते. आणि त्या दिवसाआधी मोबाइलमध्ये भरून ठेवा.

कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_पाने, वहीत तेच लिहिले होते. मी खोडले नाही, खाली पेन्सिलने तुमचा मजकूर लिहिला. दादाला चुकीचे राहिलेले चालले नसते.

विली जॉन्सन, त्यामागून केसरबाई, मग बेसी, शेवटी हर्ट असे ठरवले आहे. मिरजकर, तुमचा 'हजेरी' शब्द मी वहिनींना वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग वही घेऊन बसल्या आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखा स्वतःकडे ठेवल्या. बाकीचे महिने भाच्यांना आणि मला वाटून दिलेत. ऑगस्ट माझा.

डिसेंबरातल्या जेफरसनच्या कॅसेटची गादी खरेच निखळली आहे. उद्या बसवते.