मारिओचं भुयारातलं संगीत मी जागलीच्या रात्रीत नेलं. ते बिघडलं का?

जागल्या (दारव्ह्याकडचा)

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीवर (रात्रीच्या राखणीवर) असताना एक काम हाती घेतलं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या गेममध्ये पाइपातून खाली उतरलं की जे संगीत लागतं, त्याचा साडेसहा मिनिटांचा अंधारा, इलेक्ट्रॉनिक रिमिक्स केला. गावातल्या पोट्ट्यांना ऐकवला. दोघांना आवडला. माझ्या मावसभावानं मात्र तोंड पाडलं. म्हणाला, "दादा, आपलं लहानपण होतं ते. तू त्याले मसणात नेऊन ठेवलं." हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथं मांडतो.

माझं म्हणणं असं की अंधार मी घातला नाही, तो होताच. कोजी कोंदोंनी ती चाल बांधली तेव्हा तिला ना ताल दिला ना साथ. एक सूर, लगेच तोच वरच्या सप्तकात, असे तीन जोड, मग गप्प. पुन्हा तेच, पुन्हा गप्प. वर उन्हात गाणं नाचत असतं आणि खाली उतरलं की दाराआड कोणी उभं असल्यासारखं वाटतं. मामाच्या घरी आम्ही ती पिवळी कॅसेट लावायचो, तेव्हा धाकटी बहीण नेमकी त्या पाइपापाशी रिमोट माझ्या हातात द्यायची. तिला खाली जायचं नसायचं.

केलं कसं, तेही सांगतो. ज्या आठवड्यात शेतीची लाईन (वीज) रात्रीची असते, त्या आठवड्यात बारानंतर मोटर लावायला जावंच लागतं. डीपीच्या, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, खांबाशी मोबाइल ठेवून वीस मिनिटं गुणगुण रेकॉर्ड केली. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक फेऱ्यात डीपीतलं लोखंड दोनदा ताणलं जातं, म्हणून डीपी १०० हर्ट्झवर गातो. पेटीवर लावून पाहिलं, तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच निघाली, किंचित चढी. मग अख्खी चाल उचलून त्याच सुरावर बसवली. रोही (नीलगाय) हाकलायला जो तेलाचा डबा बडवतो, त्याचा एक ठोका सोळा पट लांबवला, तो ढोल झाला. सॉफ्टवेअर सगळं फुकटचं, ऑडासिटी आणि सर्ज एक्सटी. वरचे खणखणीत सूर लो-पास फिल्टरनं कापले आणि नऊ सेकंदांचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दिला.

काय वाटलं ते सरळ सांगा. मन राखू नका.

पिवळी_कॅसेट (अमरावती)

भाऊ, मेहनत दिसते. पण मी तुमच्या मावसभावाच्या बाजूनं आहे. दोनदा ऐकलं, हेडफोन लावून.

तुम्हीच लिहिता की तीन जोड आणि मग गप्प. मग ते 'गप्प' तुमच्या रिमिक्समध्ये गेलं कुठं? नऊ सेकंदांचा रिव्हर्ब दिल्यावर एका ओळीची शेपटी पुढच्या ओळीच्या डोक्यावर पडते. कोंदो जिथं थांबले, तिथं तुमचा डीपी गुणगुणतो. भेव त्या थांबण्यातच होतं, आणि तुम्ही ती जागा माती टाकून बुजवली.

दुसरं, आणि हे फक्त तुम्हाला नाही. कोणत्याही गेमची चाल घ्यायची, निम्म्या वेगावर आणायची, खाली उतरवायची, रिव्हर्बमध्ये बुडवायची आणि वरून घरघर सोडायची, असे शेकडो रिमिक्स मी ऐकलेत. नाव झाकलं तर कोणतं कोणाचं, सांगता येत नाही. सावजीचा रस्सा वांग्यावर ओतला काय आन् मटणावर ओतला काय, जिभेला रस्साच लागतो. १९८६ च्या 'मेट्रॉइड' या गेममध्ये हिरोकाझू तानाकांनी मारिओच्याच मशीनवर अंधार उभा केला. संगीत कुठं संपतं आणि गेममधला आवाज कुठं सुरू होतो, हे खेळणाऱ्याला कळू नये असं त्यांना हवं होतं. मन मोकळं करणारी चाल त्यांनी शेवटासाठी राखून ठेवली. त्यांच्याकडं रिव्हर्बचं बटण नव्हतं, मशीनच्या मूळ चिपवर आवाजाचे पाचच रस्ते होते. दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखर आणि एक रेकॉर्ड केलेले बारीकसे तुकडे वाजवणारा. त्यातला त्रिकोणी तर कमी-जास्तही करता येत नाही, एक तर चालू नाही तर बंद.

जागल्या

रस्स्याचं मान्य, अशा रिमिक्सांचा ढीग आहे. गप्प राहण्याचं मात्र मान्य नाही. तुम्ही कधी जागलीला बसलात का? रात्री वावरात शांतता नसते. डीपी असतो, दूरवर कोणाची तरी मोटर असते, पाटात पाणी चालतं. भेव वाटतं ते आवाज नसतो म्हणून नाही. आवाज एकसारखा असतो आणि त्याच्याआड काही चालत असलं तर आपल्याला ऐकू येणार नाही, म्हणून वाटतं. मला ते पकडायचं होतं.

बाबाराव_बे

मले त भेव वाटलं ना बावा. रात्री वावरातून येता येता लावलं होतं, मधातच बंद केलं. चांगलं हाये म्हणूनच बंद केलं.

चिपवाला (वर्धा)

तुम्ही दोघं 'मूळ' म्हणता ते नेमकं कोणतं, हे आधी ठरवा.

आपल्याकडं गावोगावी आले ते नकली मशीन. बाजारातून आणायचे, लाल-पिवळी पिन टीव्हीत खोचायची. त्यातल्या बऱ्याच नकली चिपांमध्ये चौकोनी लहरीच्या दोन जाती उलटसुलट झालेल्या होत्या. एका फेऱ्यात लहर किती टक्के वेळ वर राहते, त्यावरून ही जात ठरते. जिथं पंचवीस टक्क्यांची लहर वाजायला हवी तिथं पन्नासची वाजायची, आणि पन्नासच्या जागी पंचवीसची. चाल तीच, पण आवाजाचा पोत वेगळा. कुठं पोकळ, तर कुठं नाकातला. मी खऱ्या मशीनवरचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं ते इंजिनिअरिंगला असताना, आणि मला वाटलं हेच चुकीचं आहे. माझ्या कानातला मारिओ आजही नकली चिपचाच आहे.

म्हणून 'लहानपणाचं गाणं जसंच्या तसं ठेवा' या हट्टाला माझ्या लेखी फार आधार नाही. आपल्यापर्यंत ते जसंच्या तसं आलंच नव्हतं. गेम बॉयवरचं 'टेट्रिस' घ्या, १९८९ चं. त्यातली सगळ्यांना पाठ असलेली चाल म्हणजे 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत, आणि गेमसाठी ते बसवलं याच तानाकांनी. शेतकऱ्या-फेरीवाल्यांचं गाणं विटांच्या खेळात गेलं, तेव्हा ते मेलं का?

पण जागल्याभाऊ, एक चूक दाखवतो. लो-पास लावून तुम्ही सगळे खणखणीत सूर कापलेत, म्हणजे त्या चिपचा पोतच कापला. उरलं ते कोणत्याही सिंथवर वाजलं असतं. चौकोनी लहरीला धार असते, ती थोडी राहू द्या. अंधारात धार जास्त लागते.

पिवळी_कॅसेट

जसंच्या तसं ठेवा असं मी म्हटलंच नाही. गेमच्या रिमिक्सांची 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' ही वेबसाइट चालवणारे १९९९ पासून हेच काम करतात. तिथं परीक्षक बसतात. मूळ चाल ओळखू आली पाहिजे आणि नुसती नक्कलही नको, अशी अट आहे. मला दोन्ही पटतं. माझी तक्रार एवढीच की चालीचा प्राण ज्यात आहे ते सोडून बाकी सगळं ठेवलं. इथं प्राण थांबण्यात आहे.

हळदीची_वाडी

मी वेगळं बोलते. राग मानू नका.

माझे बाबा अशाच रात्रीच्या लाईनवर मोटर लावायला गेले आणि स्टार्टरच्या पेटीजवळ साप चावला. वाचले, पण आठ दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून मला ती गुणगुण ऐकली की पोटात गोळा येतो. तुमच्या रिमिक्सच्या पहिल्याच मिनिटात ती आली, मी मोबाइल पालथा ठेवला. ज्यांना रात्री वावरात जावं लागत नाही, ते हे हेडफोनमध्ये ऐकून 'काय वातावरण आहे' म्हणतील. आपल्यासाठी ते वातावरण नाही, ते काम आहे. आणि मारिओ आम्हा भावंडांसाठी त्या कामातून सुटायची जागा होती. ती जागाही तुम्ही वावरात आणून बसवली.

जागल्या

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मीही तेच काम करतो, आणि मलाही रात्री जायला आवडत नाही. मचाणावर बसून मी हे जुळवत होतो ते हौस म्हणून नाही. चार तास त्या आवाजासोबत एकटं बसायचं, तर त्याला सुरात बांधलं की तो जरा ऐकण्यासारखा होतो, एवढंच. माझ्यापुरतं भेव कमी झालं. तुमच्यासाठी वाढलं, हे खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. सुरुवातीलाच डीपीचा आवाज आहे असं वर लिहून ठेवतो, म्हणजे ज्याला नको त्यानं लावू नये.

ऑर्गनवाला (वडसा)

झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटकं करतो. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, एवढ्यावर अख्खी रात्र काढायची असते. गेमचं मला काही कळत नाही, पण काळोखाचं कळतं. प्रेतापाशी आई बसली आहे असा प्रवेश असला की मी ऑर्गनवर एकच सूर धरून ठेवतो, आणि मंडपातली माणसं रडतात. मात्र त्याआधी पाच मिनिटं गमतीचा प्रवेश झालेला असतो, लोक पोट धरून हसलेले असतात. तसं नसलं तर तोच सूर धरून बसलो तरी लोक चहाला उठतात. तुमचं साडेसहा मिनिटं एकसारखं आहे, बाबू. तुम्हीच लिहिलं की वर उन्हातलं गाणं असतं आणि मग माणूस खाली उतरतो. तुम्ही ऊन दाखवलंच नाही. उतरणार कुठून?

चिपवाला

काका, हे मला सुचायला हवं होतं.

कागदपत्र

एक रुक्ष पण लागणारी गोष्ट. चाल आणि मांडणी यांवर मालकाचा हक्क आहे, आणि आपल्या १९५७ च्या कायद्यात संगीतकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षं तो चालतो. फुकट टाकलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. पैसे घेऊ नका, मूळ संगीतकाराचं नाव लिहा, आणि कोणी काढायला सांगितलं तर काढावं लागेल, हे धरून चला.

जागल्या

नाव लिहिलेलंच आहे, पैसे घेणार नाही.

वडस्याच्या काकांचं पटलं. सुरुवातीला वरच्या गाण्याचे आठ सेकंद ठेवतो, उजळ, धार न कापता, आणि मग पाइप. रिव्हर्ब नऊवरून दोनवर आणतो. डीपी मात्र काढणार नाही.

पिवळी_कॅसेट

डीपी काढू नका, पण एक विचारतो. वीस मिनिटं रेकॉर्ड केलं म्हणता. तेवढ्यात एकदा तरी लाईन गेली असेल ना?

जागल्या

गेली होती. सतराव्या मिनिटाला. गुणगुण एकदम तुटली, मोटर थांबली, पाटातलं पाणीही हळूहळू बसलं. तो तुकडा मी कापून फेकला होता, खराब झाला म्हणून.

पिवळी_कॅसेट

भाऊ, तोच तुकडा लावा. तुमची एकसारखी गुणगुण चालू द्या, त्या भरात माणूस विसरू द्या की ती वाजते आहे, आणि मग लाईन जाऊ द्या. त्यानंतर तीन जोड. दुसरं काही नको.

जागल्या

आत्ता काढून ऐकला. लाईन गेल्यावर अकरा सेकंद काहीच नाही, मग लांबून टिटवी ओरडते. पहिला जोड टिटवीच्या आधी घेऊ की नंतर?

पिवळी_कॅसेट

आधी. आणि टिटवी कापा.

जागल्या

टिटवी राहील.