नवा गेमिंग पीसी आत्ता घेऊ का भिशी लागेपर्यंत थांबू? (सोलापूर)

पूर्वभाग:
नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचत आलोय, लिहायलोय पहिल्यांदाच. माझा पीसी २०१७ चा, आय५ ७४०० प्रोसेसर, जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज देणारा डबा). डिप्लोमाला असताना पप्पांनी दिवाळीच्या बोनसमधून घेऊन दिलेला, त्यामुळं जीव आहे त्याच्यावर, पण आता खरंच दमलाय. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही, आणि त्याच महिन्यात एनव्हिडियानं १०६० च्या पिढीला नव्या गेमचे ड्रायव्हर द्यायचं पण थांबवलं. डूम द डार्क एजेस घेतला तर उघडतच नाही, रे ट्रेसिंगवालं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) कार्ड पाहिजे म्हणतो.

आता खरी गोष्ट. घेताना दुकानात सांगितलेलं की पुढं प्रोसेसर बदलता येईल. २०१९ ला पैसे जमवून आय५ ८४०० आणला, मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, बसला पण, आणि मशीन काही चालू होईना. मग कळलं की सॉकेट ११५१ च असला तरी आठव्या पिढीला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो आणि माझा बी२५०. तो प्रोसेसर पडेल भावात विकला. तेव्हापासून "पुढं अपग्रेड होईल" असं कुणी म्हटलं की पोटात गोळा येतो.

हातात ६५ हजार आहेत. मे मध्ये भिशी लागणार, अजून ४०. तोवर थांबून सगळं एकदम घेऊ का आत्ताच? यावेळी असा घ्यायचाय की पाच-सहा वर्षं एकेक पार्ट बदलत जाता यावं. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ, तो तूर्त चालेल.

होटगीरोड:
थांबू नको भावा, रॅमचे भाव बघतोयस ना? मी ऑगस्टमध्ये घेतलेलं डीडीआर५ रॅमचं किट परवा सहज बघितलं तर दुपटीच्या वर गेलंय. ६५ मध्ये बसतंय ते घे, आरटीएक्स ५०६० टाक, विषय संपव.

जुनाबोर्ड:
होटगीरोड भाऊ, थांबू नको हे बरोबर, पण ५०६० टाकून विषय संपत नाही. ते ८ जीबीचं कार्ड आहे आणि त्याला पाच-सहा वर्षं काढायचीत. ६५ मध्ये कार्डासकट सगळं बसवायला गेलास की काटछाट नेमकी बोर्ड आणि एसएमपीएसमध्ये होणार, म्हणजे परत तेच बी२५० चं दुखणं.

पूर्वभाग दादा, रॅम का महागली ते आधी बघ. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन ह्या तिघांचीच, आणि एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम ही वेगवान मेमरी पण हेच बनवतात. तिकडं पैसा जास्त, म्हणून माल तिकडं वळला. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल ही घरगुती गिऱ्हाइकांची लाइनच फेब्रुवारीअखेर बंद करायचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं जातात. त्यामुळं मे पर्यंत रॅम उतरेल ह्या आशेवर मी तरी बसलो नसतो.

माझं सांगतो. २०१९ ला गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) चालू असताना बी४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० घेतला होता. २०२४ ला बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर ५७००एक्स३डी बसवला, रॅम तीच, एसएमपीएस तोच, फक्त कूलर नवा. अर्ध्या तासाचं काम. तुझं जे हुकलं ते मला मिळालं ते सॉकेटमुळं, म्हणून तू प्रोसेसरच्या आधी सॉकेट ठरव. आज तो एएम५. सप्टेंबर २०२२ ला आला, ७००० आणि ९००० दोन्ही सिरीज त्याच्यावर चालतात आणि २०२७ पर्यंत व त्यापुढंही सपोर्ट देऊ असं एएमडीनं जाहीर सांगितलंय. इंटेलचा १७०० सॉकेट चौदाव्या पिढीवर संपला, आता त्यात पडू नको.

तर आत्ता एवढंच घे: रायझन ५ ७६००, बी६५० नाहीतर बी८५० बोर्ड, डीडीआर५ रॅम, ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस आणि बरं कॅबिनेट. कार्ड घेऊच नको. तुझं १०६० काढ आणि नव्यात लाव, ते चालतं. मे मध्ये भिशी लागली की सगळे ४० कार्डात घाल. ७६०० ला स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, म्हणजे उद्या १०६० गेलं तरी स्क्रीन येईल. ७५००एफ स्वस्त दिसेल पण त्यात ते नाही, तुझ्यासारख्या मधल्या काळात एफवाला नकोच.

बोर्ड घेताना मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे ना ते बघ. पुढं नवा प्रोसेसर आणलास आणि बोर्डनं ओळखला नाही तर नुसत्या पेनड्राइव्हवर बायोस बदलता येतो. तुझ्यासोबत जे झालं त्यानंतर हे बटण नसलेला बोर्ड मी तुला घेऊ देणार नाही.

चाटीगल्ली:
एएम४ चा, म्हणजे एएमडीच्या आधीच्या सॉकेटचा, विचार केला का? रायझन ५ ५६०० आणि बी५५०, तुझी जुनी डीडीआर४ ची ८ जीबी रॅम पण वापरता येईल. बरेच पैसे वाचतील.

जुनाबोर्ड:
बजेट ४०-४५ असतं तर मीच सांगितलं असतं. पण ५८००एक्स३डी, ५७००एक्स३डी आता नवे सहज मिळत नाहीत, आणि ५६०० च्या पुढं खरी उडी तीच होती. ज्याला एकदा घेऊन विसरायचंय त्याला एएम४ अजून चांगलं, ह्यांना बदलत जायचंय.

विजापूररोड:
मी जीटीए ६ साठी थांबलोय, तुम्हीपण थांबा ना.

होटगीरोड:
१९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख पीएस५ आणि एक्सबॉक्सची आहे मित्रा, पीसीची तारीखच दिलेली नाही. त्यासाठी आज पीसी अडवून ठेवू नको.

कडकभाकरी:
मी पण पूर्व भागातलाच, घराच्या दोन्ही बाजूला माग आहेत, म्हणून हे मनापासून सांगतो. काचेच्या पुढच्या बाजूचं कॅबिनेट घेऊ नको, कितीही देखणं असू दे. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, खोलीच तापलेली असते, पंखा तीच गरम हवा आत ओढणार. पुढं जाळी पाहिजे आणि फिल्टर ओढून काढता यायला पाहिजे, कारण सुताचा तो बारीक तूस सगळीकडं शिरतो. माझ्या कार्डाच्या पंख्यात नमद्यासारखा थर निघाला होता, तापमान नव्वदच्या आसपास जायचं, साफ केल्यावर सत्तरवर आलं. दर रविवारी फिल्टर झटकतो, दोन मिनिटं लागतात.

आणि लाईट. आमच्या गल्लीत रात्री माग बंद झाले की व्होल्टेज चढतं. आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घे, जुन्या घरात कितीतरी वेळा तिसरी वायर जोडलेलीच नसते, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात त्या ह्यामुळंच. घरात इन्व्हर्टर असेल तर मागं यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू ठेव, नाहीतर लाईट गेली की पीसी बंद होऊन परत चालू होतो.

पूर्वभाग:
झिणझिण्या येतात!! मला वाटायचं जुना झालाय म्हणून. उद्याच वायरमनला बोलवतो.

जुनाबोर्ड भाऊ, दोन शंका. ३२ जीबी रॅमचा भाव विचारला, बजेटच हललं. ८-८ च्या दोन घेऊ का १६ ची एक? आणि ५०६० टीआय कार्डाला ६०० वॅट पुरतात म्हणे, मग ७५० कशाला?

जुनाबोर्ड:
१६ ची एक. एएम५ वर चार स्टिक लावल्या की वेग पडतो, ७००० सिरीजला एएमडीचा स्वतःचा आकडा दोन स्टिकला ५२०० आणि चारला ३६०० आहे. म्हणजे ८-८ च्या घेतल्यास तर पुढं त्या काढूनच टाकाव्या लागतील. एकावर थोडा वेग कमी मिळेल हे खरंय, पण १०६० असेपर्यंत अडवणारं कार्डच आहे, तुला जाणवणार नाही. पाकिटावरचा मॉडेल नंबर जपून ठेव, दुसरी घेताना नेमकी तीच घे. तरी दोन वेगवेगळ्या पाकिटातल्या जमतीलच असं नाही, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घे आणि आल्या दिवशी मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) लाव.

एसएमपीएसचं म्हणशील तर ५०६० टीआय १८० वॅटचं आहे, त्याला ७५० लागत नाही. पण तीन वर्षांनी ३०० वॅटचं कार्ड घ्यावंसं वाटलं तर? ९०७० एक्सटी ३०४ वॅटचं आहे आणि त्याला एएमडी ७५० च सांगते. चांगल्या एसएमपीएसला सात-दहा वर्षांची वॉरंटी मिळते, हा एकच पार्ट पुढच्या दोन-तीन कार्डांना पुरतो. एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) बघून घे, बऱ्याच नव्या कार्डांना लागणारी केबल त्यात येते.

चाटीगल्ली:
सुटे पार्ट आधीच घेऊन ठेवणाऱ्यांना एक सांगतो, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. मी मागं सेलमध्ये बोर्ड घेऊन दोन महिने तसाच कपाटात ठेवला, जोडला तर लॅन पोर्ट बंद. बदलून द्यायची मुदत गेलेली, मग सर्व्हिस सेंटरच्या चकरा. जे घ्याल ते त्याच आठवड्यात चालू करून बघा.

पूर्वभाग:
म्हणूनच कार्ड सोडून बाकी सगळं एकदम घ्यायचं ठरवलंय. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन तापकीर गल्लीत बघतो, तिथं नाही पटलं तर सोलापुरातच नवी पेठेत परत विचारेन.

कडकभाकरी:
प्रोसेसर, बोर्ड, रॅम आण तिथून, कॅबिनेट इथंच घे, रेल्वेत तो खोका घेऊन बसायला लई त्रास. फरक हजार-दीड हजाराचाच असेल तर सगळंच इथं घे, पुढं काही झालं तर गाडीवर जाऊन उभं राहता येतं. बिलावर जीएसटी आणि प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्यायला विसरू नको.

जुनाबोर्ड:
आणि दुकानातच बोर्डवर प्रोसेसर-रॅम बसवून स्क्रीन आलेली बघ, मगच पैसे दे. एएम५ पहिल्यांदा चालू करताना रॅम ओळखायला वेळ घेतो, काही मिनिटं काळा पडदाच असतो. घाबरून बंद करू नको.

पूर्वभाग:
झालं मंडळी! बोर्ड, प्रोसेसर, रॅम पुण्यात, एसएमपीएस आणि जाळीचं कॅबिनेट इथं. काळ्या पडद्यावर चार मिनिटं गेली, जुनाबोर्ड भाऊंनी सांगितलं नसतं तर मी वायर उपटलीच असती. १०६० नव्यात बसवलंय, जुन्या एसएसडीवर विंडोज ११ नव्यानं टाकलं. व्हॅलोरंटमधला अडकण्याचा त्रास गेला, एवढा फरक नुसत्या प्रोसेसरनं पडेल असं वाटलं नव्हतं. अर्थिंग खरंच जोडलेलं नव्हतं, वायरमननं पावणेदोन तास घेतले, आता हात लावला तरी काही होत नाही.

जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून बहिणीला अभ्यासाला दिलंय, आय५ च्या आतल्या ग्राफिक्सवर व्हिडिओ नीट चालतात. पप्पांनी तो आवरलेला डबा बघून विचारलं, हा विकणार नाहीस ना. नाही म्हटलं.

९०६० एक्सटी का ५०६० टीआय, घेईन ते १६ जीबीचंच, ते मे मध्ये विचारायला येतो.